चढावर थांबलेला ट्रॅक्टर

जून महिन्यातील एका सायंकाळी, शिकागो शहराच्या पश्चिमेस तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका घराच्या मागील आवारात, पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा एक जुना ट्रॅक्टर चढावर थांबला. इंजिन बंद पडले नव्हते; ते पूर्ण जोमाने धडधडत होते. वेगाची तरफ पुढे ढकललेली होती. आसनाखालून एक बारीक, रडका आवाज येत होता. पण मागची चाके काही फिरत नव्हती. अर्ध्या तासापूर्वी, यंत्र थंड असताना, तोच ट्रॅक्टर तोच चढ विनासायास चढून गेला होता.

घर एका जैन कुटुंबाचे. मुलगा तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेला, सून आणि दोन मुले, आणि उन्हाळ्यापुरते खानदेशातून आलेले वडील, ज्यांना घरात सारे बाबूजी म्हणतात. मुलाने जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दूरध्वनी केला. तिकडून यंत्र न पाहताच निर्णय आला : ट्रान्समिशन गेले. त्या जातीचे दुसरे मिळवून बसवायचे तर येणारा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीहून अधिक. त्यापेक्षा तो भंगारात द्यावा आणि गवत कापण्याचे काम कंत्राटदारास सोपवावे.

सल्ला व्यवहाराचा होता, आणि मुलाला तो पटलाही होता. अडचण निराळीच होती.

अमेरिकेतील पुष्कळशा नगरांत घराभोवतीचे गवत ठरावीक उंचीपेक्षा जास्त वाढू देता येत नाही. वाढले तर आधी नोटीस येते आणि मग दंड. म्हणजे गवत कापण्यावाचून सुटका नाही. ज्या घरात वनस्पतिकायाच्या हिंसेचा विचार लहानपणापासून कानावर पडलेला असतो, त्या घराला हे काम कधीच सहज वाटत नाही. या कुटुंबाने त्यातून आपल्यापुरती एक रीत घालून घेतली होती. अष्टमी-चतुर्दशीला यंत्र काढायचे नाही. पावसानंतर ओल्या गवतात, जेव्हा बेडूक आणि गांडुळे वर आलेली असतात, तेव्हा फिरवायचे नाही. ऊन चढून गवत कोरडे झाल्यावरच निघायचे, आणि त्याआधी कोणीतरी सारे आवार पायी चालून पाहायचे. तेथील कॉटनटेल जातीचे ससे उघड्या हिरवळीतच ओंजळीएवढा खळगा करून त्यात पिले ठेवतात आणि वर वाळल्या गवताचे व स्वतःच्या केसांचे पांघरूण घालतात. यंत्रावर बसलेल्या माणसाला तो खळगा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

कंत्राटदाराची माणसे त्यांच्या सोयीच्या वेळी येतात, वेगाने कापतात आणि निघून जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांचा तो धंदा आहे. परंतु करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा विचार शिकलेल्या बाबूजींना पैसे मोजून ते काम दृष्टीआड ढकलण्यात काही लाभ दिसेना. शिवाय दुसरेही एक कारण होते. त्यांच्या आयुष्याची चाळीस वर्षे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात गेली होती. रुईच्या 170 किलोच्या गाठी दाबणारा हायड्रॉलिक प्रेस त्यांनी ऐन हंगामात कितीतरी वेळा बंद पडलेला पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी पहिला माणूस म्हणायचा की पंप गेला. पंप खरोखर गेलेला असे, तो क्वचित.

“उघडून न पाहता याला मेलेला ठरवू नकोस,” ते मुलाला म्हणाले. “तेल तरी पाहिलेस का?”

मुलाने तेल पाहिले नव्हते. ट्रॅक्टर घेतल्यापासून तीन वर्षांत त्याने ते एकदाही पाहिले नव्हते.

हा ट्रॅक्टर ‘कब कॅडेट 149’. इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीयंत्रांच्या मोठ्या अमेरिकन कंपनीने 1961 मध्ये घरगुती आवारांसाठी कब कॅडेट नावाचे छोटे ट्रॅक्टर काढले. ते केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे तयार होत. 1960 च्या दशकाच्या मध्यास निघालेल्या 123 या नमुन्यात त्यांनी प्रथमच हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन बसवले. 149 हा नमुना 1971 ते 1974 या काळातला, कोहलर कंपनीच्या एकाच सिलिंडरच्या 14 अश्वशक्तीच्या इंजिनाचा. ट्रान्समिशन सनस्ट्रँड या कंपनीचे. ती कंपनी इलिनॉय राज्यातीलच रॉकफर्ड गावची, म्हणजे या कुटुंबाच्या शेजारचीच म्हणावी. 1981 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेटचा व्यवसाय विकून टाकला. तरीही त्या काळचे ट्रॅक्टर आज पन्नास वर्षांनंतर मोठ्या संख्येने चालताना दिसतात, याचे श्रेय त्यांच्या जाड लोखंडाला जितके, तितकेच ते उघडून दुरुस्त करता येतात या गोष्टीला आहे.

हायड्रोस्टॅटिक म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा शोध कळणार नाही. साध्या ट्रॅक्टरात इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चक्रे असतात. लोखंड लोखंडाला ढकलते. येथे इंजिन एक पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, ते तेल एका मोटरला फिरवते आणि मोटर मागच्या गिअरांमार्फत चाकांना. पंप आणि मोटर यांच्यामध्ये लोखंडाचा कसलाही दुवा नाही. मध्ये केवळ तेल आहे. पंपात गोल फिरणाऱ्या ठोकळ्यामध्ये लहान लहान दट्टे बसवलेले असतात आणि त्यांच्या टोकांशी एक तिरकी होऊ शकणारी तबकडी असते. तबकडी सरळ उभी असेल तर दट्टे आतबाहेर होत नाहीत, तेल हलत नाही, ट्रॅक्टर उभा राहतो. ती एका बाजूस कलली की तेल एका दिशेने वाहते आणि ट्रॅक्टर पुढे जातो. दुसऱ्या बाजूस कलली की मागे. जितका कल, तितका वेग. चालकाच्या हातातील तरफ इतकेच करते : तबकडीचा कल बदलते.

गवत कापण्याच्या कामात याचा फार मोठा लाभ आहे. क्लच दाबण्याची वा गिअर बदलण्याची खटपट न करता, इंजिनाचा वेग तसाच ठेवून, ट्रॅक्टर मुंगीच्या चालीने नेता येतो आणि बोटाच्या हालचालीने जागच्या जागी उभा करता येतो. समोर काही हलले की थांबता येणे ही ज्या घरात जयणेची बाब आहे, त्या घराला या यंत्राची किंमत बाजारभावावरून कळणार नाही.

आता या व्यवस्थेचे मर्म. पंपाकडून मोटरकडे आणि मोटरकडून परत पंपाकडे असे तेच तेल बंद वाटेने फिरत असते. पण दट्ट्यांच्या फटींतून थोडे तेल सतत झिरपते. ते झिरपणे दोष नव्हे. त्याच तेलाने दट्टे आणि तबकडी यांना वंगण मिळते. धान्याच्या व्यापारात जशी घट धरूनच हिशेब करावा लागतो, तशी येथेही घट धरलेलीच आहे. ती भरून काढण्यासाठी एक छोटा भरण-पंप खालच्या टाकीतून, फिल्टरमधून तेल ओढून दोन चेक व्हॉल्व्हमार्फत मुख्य वाटेत सोडत राहतो. एक व्हॉल्व्ह पुढे जाण्याच्या वाटेसाठी, दुसरा मागे जाण्याच्या. घट वाढली, अथवा भरणा कमी पडला, की चाकांचा जोर जातो. आणि तेल तापले की ते पातळ होते व प्रत्येक फटीतून अधिक निसटते. थंडपणी धडधाकट आणि तापल्यावर दुबळा, या लक्षणाचा अर्थ एवढाच की घट आणि भरणा यांचा मेळ कोठेतरी बसत नाही. कोठे, ते लक्षण सांगत नाही.

रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी पेढी बंद करत नाही, नोंदी तपासतो. बाबूजींनी तपासणीचा क्रमही तसाच लावला : जे फुकट पाहता येते ते आधी, ज्याला थोडे पैसे लागतात ते नंतर, आणि जे महाग व न दिसणारे आहे ते सर्वांत शेवटी.

फुकटचे पहिले काम आसनापुढील पत्र्याचे झाकण काढून आत पाहण्याचे. इंजिनाकडून येणारा दांडा तेथे ट्रान्समिशनला मिळतो आणि त्या जोडावर थंडावा देणारा एक पंखा असतो. दांड्याला जोडणारी छोटी पिन तुटली तर इंजिन चालू असूनही पंखा फिरत नाही, आणि माणूस ट्रान्समिशनला दोष देत बसतो. येथे पंखा फिरत होता. मात्र पंख्याभोवती आणि कवचाच्या बाहेरील पन्हाळ्यांत वर्षानुवर्षांचे वाळके गवत आणि तेलकट धूळ थापल्यासारखी बसली होती. ज्या यंत्राला उष्णता बाधते, त्याला नेमकी घोंगडी पांघरलेली! इंजिन बंद करून, लाकडी काडी आणि ब्रश घेऊन नातवंडांनी ती दुपारभर खरवडून काढली. पाणी मारून धुण्याचा मोह बाबूजींनी आवरायला लावला, कारण पुढे ती जागा उघडायची होती.

दुसरे फुकटचे काम अधिक बोलके ठरले. या ट्रॅक्टरचे कापणीचे पाते वर-खाली करणारी हायड्रॉलिक लिफ्टही त्याच भरण-पंपाच्या तेलावर चालते. म्हणजे भरण-पंपाची प्रकृती वेगळे मापक न लावताही थोडीफार कळू शकते. थंड असताना लिफ्ट झटकन उचले. तापल्यावर तीही रेंगाळे. मुख्य पंपातील दट्टे झिजले असते तर लिफ्टने इतके रेंगाळण्याचे कारण नव्हते. त्यामुळे संशय मुख्य पंपावरून भरण्याच्या वाटेकडे वळला : तेल, फिल्टर, किंवा भरण-पंप. तो रडका आवाजही त्याच दिशेने बोट दाखवत होता. पंपाला पुरेसे तेल ओढता आले नाही की तो असाच रडतो. प्रेसवर काम केलेल्या माणसाला तो आवाज ओळखण्यास वेळ लागत नाही.

तेलाची पातळी पाहण्याचा बूच उघडला. पातळी थोडी कमी होती, पण खरी गोष्ट रंगात होती. तेल दुधाळ होते, ताकात हळद कालवावी तसे. या ट्रॅक्टरसाठी कंपनीने ‘हाय-ट्रॅन’ नावाचे स्वतःचे तेल ठरवून दिले होते, जे आजही मिळते. पाणी मिसळले की हे तेल गढूळ होते. तेलाचा तो दोष नसून खूण आहे, कारण ते पाणी तळाशी साचू न देता स्वतःत धरून ठेवते. खात्रीसाठी बाबूजींनी कारखान्यातील जुनी परीक्षा केली : तापलेल्या लोखंडावर तेलाचे दोन थेंब. शुद्ध तेल नुसते धुरावते, पाणी असलेले तडतडते. सुनेने स्वयंपाकघरातील तवा देण्यास साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. शेवटी गॅरेजमधील एक टाकाऊ पत्रा कामी आला. थेंब फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडले.

पाणी आले कोठून? कोणी ओतले नव्हते. आधीच्या मालकाच्या ओलसर पडवीत ट्रॅक्टर कित्येक हिवाळे उभा होता. यंत्र तापते, निवते, आतील हवा बाहेर जाते, बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड लोखंडावर तिचे दव धरते. दरवर्षी थोडे थोडे. जे यंत्र रोज चालते त्याच्या तेलातील पाणी उष्णतेने उडून तरी जाते. जे नुसते उभे असते त्यात ते साठत राहते. जुने यंत्र घेताना लोक टायर आणि रंग पाहतात, किंमत घासाघीस करून ठरवतात. तेलाचा बूच उघडून पाहणारा गिऱ्हाईक विरळा.

तेल काढण्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागेवर घेतला. तळाचा बूच उघडल्यावर सुमारे साडेसहा लिटर तेल निघाले. हे तेल मागच्या गिअरांचे आणि हायड्रोस्टॅटिकचे सामाईक असते, म्हणून गिअरांची घाण पंपापर्यंत आणि पंपाची गिअरांपर्यंत पोचते. मागचे झाकण काढून आत हात घातला तेव्हा तळाशी बोटभर चिखल होता, काळपट राखाडी, लोण्यासारखा चिकट. केवळ तेल बदलणाऱ्याच्या हाती हा चिखल कधीच लागत नाही. तो तळाशी बसून राहतो आणि नव्या तेलाला महिन्याभरात जुने करून टाकतो. चिंध्यांनी पुसून, थोडे नवे तेल फिरवून तो साफ केला, नवे गॅस्केट लावून झाकण बंद केले. निघालेले तेल डब्यांत भरून वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जमा केले. तेथील पुष्कळ दुकाने असे तेल परत घेतात. ओढ्याकडे उतरणाऱ्या जमिनीत ते ओतण्याचा विचारही कोणाच्या मनात येऊ नये.

खरा निकाल फिल्टरने दिला. बाबूजींनी तो फेकू दिला नाही. करवतीने त्याचे पत्र्याचे कवच कापून आतील कागदाच्या चुण्या उलगडल्या आणि उन्हात पांढऱ्या कापडावर पसरल्या. पाहायचे एकच होते : पितळी चमक आहे का? पंपाच्या आतील घासणारे भाग झिजू लागले की त्यांचा सोनेरी भुगा फिल्टरमध्ये येतो, आणि तो मुबलक दिसला तर मग दुकानदाराचे म्हणणे खरे मानावे लागते. चुण्यांवर काळा चिखल होता, गंजाचे कण होते, कागद पाण्याने फुगून बुळबुळीत झाला होता. सोनेरी कण शोधून काढावे लागले, तेव्हा दोन-चार सापडले. अर्धशतक वापरलेल्या यंत्रात तेवढे असणारच. म्हणजे पंप म्हातारा होता, मेलेला नव्हता. या फुगलेल्या कागदातून श्वास घेता येत नसल्याने त्याचा जीव कोंडला होता.

नवा फिल्टर बसला, नवे हाय-ट्रॅन भरले गेले. येथे स्वस्तातले दुसरे तेल घालण्याचा मोह होतो. तेल दिसायला सारखेच, किंमत निम्मी. पण पाणी धरून ठेवण्याचा गुण आणि तापल्यावरचा दाटपणा या दोन गोष्टी बाटलीच्या रंगावरून कळत नाहीत, आणि या यंत्रात तेल हेच सर्व काही आहे. वाटेत अडकलेली हवा काढण्यासाठी मागची चाके मजबूत ठेपांवर उचलून, पुढच्या चाकांना ओटी लावून, इंजिन मंद ठेवून तरफ थोडी पुढे, थोडी मागे अशी वारंवार फिरवली आणि कमी झालेले तेल पुन्हा भरले. त्या कामात विशेष सांगण्यासारखे काही नाही, धीर लागतो इतकेच.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चढावर नेला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. लिफ्ट खडखडीत. रडका आवाज गेला. मागे जाताना पूर्ण जोर. पण पुढे जाताना, तापल्यावर, चढ अर्धा झाला की अजूनही दम तुटे.

मुलाचा धीर येथे सुटला. तेल, फिल्टर, गॅस्केट यांवर पैसे घातले, दोन रविवार गेले आणि दुखणे तेथेच. तो म्हणाला, “बाबूजी, दुकानवाला बरोबरच होता.” बाबूजी मात्र आदल्या दिवसापेक्षा अधिक प्रसन्न दिसत होते. दोष आता एकाच दिशेचा उरला होता, आणि पंप व मोटर तर दोन्ही दिशांना तेच असतात. पंप गेला असता तर मागे जातानाही तो लंगडला असता. पुढे आणि मागे यांत जे वेगळे आहे तेच दोषी असणार, आणि तसे वेगळे फारसे काही नाही. चेक व्हॉल्व्ह मात्र दोन आहेत.

हे व्हॉल्व्ह ट्रान्समिशनच्या माथ्यावर शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांना आणखी एक काम दिलेले आहे : वरून दाबले की ते उघडे राहतात, तेल मोकळे फिरते आणि बंद ट्रॅक्टर हाताने ढकलता येतो. ढकलण्याची सोय म्हणून दिलेली ही गोष्टच पुष्कळदा रोग होऊन बसते. दाबलेला व्हॉल्व्ह गंजामुळे पूर्ण वर आला नाही, अथवा त्यावरील पट्टी वाकून त्याला किंचित दाबून राहिली, तर ती बाजू सदैव अर्धवट उघडी राहते. थंड दाट तेल त्या फटीतून कमी निसटते, गरम पातळ तेल धो धो. यंत्र अगदी झिजलेल्या पंपासारखे वागते.

सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून, चाकांना ओटी लावून, बाबूजींनी अंगठ्याने एक व्हॉल्व्ह दाबला. तो टपकन वर आला. दुसरा दाबला, तो वर येता येता मध्येच रेंगाळला.

सारे कुटुंब भोवती उभे होते आणि कोणी काही बोलले नाही.

तो व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी भोवतालची जागा पुन्हा एकदा रॉकेलच्या ब्रशने धुऊन, कोरड्या कापडाने पुसली. आत एक वाळूचा कण पडला तर जे यंत्र आतापर्यंत मेलेले नव्हते ते खरोखर मरेल, हे सांगून बाबूजींनी नातवंडांना दोन हात मागे उभे केले. व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा त्याच्या दांडीवर गंजाचा तांबूस पट्टा होता आणि बैठकीत काळ्या चिखलाची कडा. तो साफ केला, तेलात बुडवून पंचवीस वेळा दाबून सोडला, रबराची नवी ओ-रिंग लावली, जागेवर बसवला. खर्च एका ओ-रिंगचा.

त्या दिवशी ट्रॅक्टर तासभर कापून तापल्यावरही चढ चढला. पहिल्यापेक्षा किंचित सावकाश चढला, हेही नोंदले पाहिजे. ते दोन-चार सोनेरी कण खोटे नव्हते. आणखी काही वर्षांनी पंप उघडावा लागेल, तेव्हा बाजारातून गेजही आणावे लागेल आणि भरण्याचा दाब कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडूनही पाहावा लागेल.

एक दुखणे मात्र पुरते गेले नाही, आणि धोक्याच्या दृष्टीने ते पहिल्यापेक्षा मोठे होते. तरफ मध्यावर ठेवली तरी ट्रॅक्टर कधी कधी स्थिर राहत नसे. बोटभर पुढे सरके, कधी मागे. या पिढीच्या कब कॅडेटमध्ये हे ठाऊक असलेले दुखणे आहे. तरफेची हालचाल तबकडीपर्यंत नेणाऱ्या कुसावर एक लोखंडी पट्टी असते, तिच्या खाचेत एक खुंटी फिरते. वर्षानुवर्षे घासून खाच रुंदावते आणि खुंटीला तीत खेळ मिळतो. मग तरफ मध्यावर असली तरी तबकडी मध्यावर असेलच असे नाही. चाके उचलून, इंजिन चालू ठेवून, तरफेचे जोड जुळवून घेतल्यावर सरकणे पुष्कळ कमी झाले, संपले नाही. खरा उपाय खाच वेल्डिंगने भरून कानशीने पुन्हा मापात आणण्याचा. त्यासाठी ट्रान्समिशन खाली उतरवावे लागते, म्हणून ते काम हिवाळ्यावर ठेवले.

या वयाच्या यंत्रांत चालक आसनावरून उठताच इंजिन बंद करणारी सोय बहुधा नसते. पात्याखाली अडकलेली काडी काढायला चालक उतरला आणि ट्रॅक्टर हळूच पुढे सरकला, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून गॅरेजच्या भिंतीवर एक कागद चिकटवला गेला. त्यावर बाबूजींच्या वहीखात्यातल्या वळणदार अक्षरांत लिहिले आहे : इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच उतरणे. खाली त्यांनी आणखी एक ओळ जोडली, जी प्रेसवर काम करणाऱ्या नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी सांगत : दाबाखालील तेल कोठून गळते ते हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. सुईसारखी धार कातडीखाली तेल घुसवते. वर जखम दिसत नाही, आणि बोट गमावण्याची वेळ येते.

जुलैच्या अखेरीस, चतुर्दशी टाळून, ऊन चढल्यावर मुलगा ट्रॅक्टर घेऊन निघाला. धाकटी नात पुढे चालून आवार पाहत होती. चढाच्या खाली, ओढ्याच्या काठाजवळ ती थांबली आणि तिने हात वर केला. मुलाने तरफ मध्यावर आणली, पात्यांचा क्लच सोडला, इंजिन बंद केले, किल्ली खिशात टाकली आणि उतरला. वाळल्या गवताच्या पांघरुणाखाली चार पिले होती, मिटलेल्या डोळ्यांची. त्यांच्याभोवती दोन हातांच्या अंतरावर काठ्या रोवल्या आणि ट्रॅक्टर वळसा घालून पुढे नेला. ते वर्तुळ ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पिले आपापल्या वाटेने निघून जाईपर्यंत, गुडघाभर वाढलेले तसेच राहिले. नगरपालिकेची नोटीस आली नाही.